कांद्याच्या मुळातील तारककेंद्र

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगवह्यांत कांद्याच्या मूलाग्राचा प्रयोग हमखास असतो. मुळाचे टोक आम्लात मऊ करायचे, रंगवायचे, काचपट्टीवर दाबून पसरायचे आणि सूत्री विभाजनाच्या अवस्था सूक्ष्मदर्शकातून पाहून वहीत काढायच्या. आता अशा वह्या चाळून पाहा. पेशीच्या दोन टोकांना दोन तारककेंद्रे आणि त्यांच्याभोवती किरण काढलेली आकृती त्यांत पुष्कळदा सापडेल. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसतेच. कोणत्याही सपुष्प वनस्पतीत ते नसते. म्हणजे विद्यार्थ्याने पाहिला कांदा आणि काढली प्राण्याची पेशी.

याला केवळ विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. पुस्तकातली 'पेशी' ही बहुधा प्राण्याची पेशी असते आणि वनस्पतीची पेशी म्हणजे त्यात थोडा फेरफार, असा समज शाळेत रुजतो. विद्यापीठात तो दूर व्हावा अशी आपली अपेक्षा असते. तसे होते का, हे पाहण्यासाठी पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत वापरल्या जाणाऱ्या दोन इंग्रजी ग्रंथांची येथे चर्चा करत आहे. शिक्षकांना हे ग्रंथ वर्गात वापरावे लागणार नाहीत हे खरे. पण आपली पाठ्यपुस्तके लिहिणारे, प्रश्नपत्रिका काढणारे आणि पुढे शिक्षक होणारे लोक याच ग्रंथांवर वाढतात.

एक थोर ग्रंथ आणि त्याची मांडणी

पहिला ग्रंथ 'मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल'. पहिली आवृत्ती १९८३ची, सातवी २०२२ची. ब्रूस अल्बर्ट्स, डेनिस ब्रे, ज्युलियन लुईस, मार्टिन रॅफ, कीथ रॉबर्ट्स आणि जेम्स वॉटसन हे मूळ सहा लेखक. तेराशेहून अधिक पानांच्या या ग्रंथाने जगभरच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या, आणि ही कीर्ती त्याने कमावलेली आहे. पेशी म्हणजे घटकांची यादी नव्हे, ते एक चालते यंत्र आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे पुस्तक त्यापूर्वी क्वचितच होते. आकृत्या कमीत कमी रेषांत नेमके दाखवतात. 'हे आपल्याला कशावरून कळले' हा प्रश्न लेखक सतत जागा ठेवतात.

तरीही या ग्रंथावर माझा एक आक्षेप आहे. पहिल्या आवृत्तीत वनस्पतिपेशींच्या वैशिष्ट्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण होते. सहा लेखकांपैकी कीथ रॉबर्ट्स हे स्वतः वनस्पतिपेशींचे अभ्यासक. पुढील आवृत्त्यांत ते स्वतंत्र प्रकरण राहिले नाही. त्यातला मजकूर इतर प्रकरणांत वाटला गेला. कल्पना चांगली होती. वनस्पतींना वेगळ्या खोलीत न बसवता घरभर वावरू द्यावे असा तिचा अर्थ होऊ शकला असता. प्रत्यक्षात काय झाले ते २०१४च्या सहाव्या आवृत्तीत पाहू. ऊर्जेच्या प्रकरणात आधी तंतुकणिका, मग हरितलवके. पेशीविभाजनात आधी प्राणिपेशीला पडणारी खाच, मग वनस्पतिपेशीत मध्यभागी तयार होणारे पटल. संदेशवहनाच्या प्रकरणात वनस्पतींचा विभाग शेवटचा. पेशींबाहेरील आधारद्रव्याच्या प्रकरणात पेशीभित्तिका पुन्हा शेवटी. प्रत्येक ठिकाणी आधी नियम येतो आणि नंतर 'वनस्पतींमध्ये मात्र' असे म्हणून अपवाद येतो. तास संपत आला की शिक्षक नेमके काय गाळतील, हे वेगळे सांगायला नको.

माहिती चुकीची आहे किंवा दिलेली नाही, अशी माझी तक्रार नाही. विकसित पेशीत सगळी जनुके शाबूत असतात हे सांगताना या ग्रंथात बेडूक आणि गाईबरोबर गाजरही येते. पण ते साक्षीदार म्हणून येते आणि साक्ष देऊन निघून जाते. गाजराच्या पेशीला पुन्हा अख्खे रोप का बनता येते आणि आपल्या त्वचेच्या पेशीला तसे का जमत नाही, हा खरा प्रश्न तिथेच राहतो.

एकता की अर्ध्यावरून केलेला अंदाज?

या आक्षेपाला एक सरळ उत्तर आहे, आणि ते वजनदार आहे. डीएनए तोच, प्रथिने बनवण्याची रीत तीच, पेशीचक्र चालवणारी विकरेही एकाच कुळातली. मग वनस्पती वेगळ्या का शिकायच्या? शिवाय या ग्रंथाचे बरेच वाचक पुढे वैद्यकीय संशोधनाकडे जाणारे. त्यांच्यासाठी प्राणिपेशी मध्यभागी ठेवली तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. वनस्पती आणि प्राणी यांचा समाईक पूर्वज एकपेशीय होता. तो अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यानंतर अनेक पेशींचे शरीर उभारण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. त्यामुळे निसर्गाने एकच प्रयोग दोनदा करून ठेवला आहे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली, की कोणती गोष्ट अटळ आहे आणि कोणती केवळ एका वंशाची सवय आहे हे कळते. एकच उत्तर पाहिले तर सवयच नियम वाटू लागते.

तारककेंद्राचे उदाहरण पाहा. प्राण्याच्या पेशीकडे पाहून कोणीही म्हणेल, की तारककेंद्रांमुळेच तुर्कतंतू तयार होतात. कांद्याच्या मुळात तारककेंद्र नाही, तरी तुर्कतंतू व्यवस्थित जुळतात आणि रंगसूत्रे बिनचूक वाटली जातात. म्हणजे तारककेंद्र ही तुर्कतंतूंची अनिवार्य अट नाही. ही गोष्ट प्राण्यांतही खरी ठरते. मानवाच्या अंडपेशीचे अर्धसूत्री विभाजन तारककेंद्रांवाचून होते. एवढा मोठा निष्कर्ष पाच रुपयांच्या कांद्यात दडलेला आहे, आणि विद्यार्थी तो खोडून तिथे पुस्तकातली आकृती काढतो!

दुसरे उदाहरण भित्तिकेचे. 'वनस्पतिपेशीला भित्तिका असते' हे वाक्य सातवीतला मुलगाही पाठ म्हणतो. पण त्या एका गोष्टीने काय काय बदलते? पेशी जागची हलू शकत नाही. म्हणून शरीराला आकार द्यायचा तर पेशी हलवून नव्हे, विभाजनाची दिशा आणि वाढीची दिशा ठरवूनच द्यावा लागतो. रिक्तिकेत पाणी शिरून आतला दाब मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या काही पट होऊ शकतो. त्याच दाबावर कोवळे देठ ताठ उभे राहतात आणि पेशी लांबतात. भित्तिकेतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म नळ्यांनी शेजारच्या पेशींचे जीवद्रव्य जोडलेले राहते. विषाणूही याच वाटेने पसरतात. ही साखळी एका ठिकाणी सलग वाचायला मिळाली तर वनस्पती समजते. चार प्रकरणांच्या शेपटांत विखुरली तर फक्त फरकांचा तक्ता उरतो.

वनस्पतीकडून सुरुवात करणारा ग्रंथ

दुसरा ग्रंथ २०१०चा 'प्लांट बायॉलॉजी'. अ‍ॅलिसन स्मिथ, जॉर्ज कूपलँड, लियाम डोलन, निकोलस हार्बर्ड, जोनाथन जोन्स, कॅथी मार्टिन, रॉबर्ट सॅब्लोव्स्की आणि अ‍ॅबिगेल अ‍ॅमी यांनी तो लिहिला. नऊ प्रकरणांचा क्रमच बोलका आहे: उगम, जीनोम, पेशी, चयापचय, विकास, पर्यावरणाचे संदेश, पर्यावरणाचे ताण, इतर सजीवांशी संबंध, आणि शेवटी पिके व शेती. रेणूपासून निघून शेतात पोहोचणारी ही वाट आहे.

या लेखकांनी स्वतः प्रयोगशाळेत जे केले त्यावरून या वाटेचे महत्त्व कळते. मेंडेलने १८६६मध्ये ज्या वाटाण्यांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यांत गोल आणि सुरकुतलेल्या बियांची जोडी होती. ती आपण दरवर्षी फळ्यावर काढतो. पण बी सुरकुतते का? याचे उत्तर १९९०मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे मिळाले. मदन भट्टाचार्य यांच्याबरोबर त्या शोधनिबंधात अ‍ॅलिसन स्मिथ आणि कॅथी मार्टिनही होत्या. पिष्टाच्या साखळीला फांद्या जोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसला होता. विकर निकामी झाले, पिष्ट कमी बनले, बियांत साखर साठली, साखरेमागून पाणी आले. बी वाळल्यावर ते पाणी गेले आणि फुगलेली साल सुरकुतली. जनुक, विकर, परासरण आणि डोळ्यांना दिसणारा आकार अशी साखळी एका वाटाण्यात पूर्ण होते. 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा ही गोष्ट वर्गात सांगून पाहावी.

हार्बर्ड हे १९९९च्या एका महत्त्वाच्या शोधात सहभागी होते. हरितक्रांतीतील बुटके गहू बुटके का, याचे रेणवीय कारण त्यात स्पष्ट झाले. जिबरेलिन या संप्रेरकाने 'वाढ' असे सांगितले की वाढ रोखणारे एक प्रथिन नाहीसे व्हावे लागते. बुटक्या गव्हात त्या प्रथिनाचा असा बदललेला अवतार असतो की तो संप्रेरकाला दाद देत नाही. ताट आखूड राहते, भरघोस ओंबीच्या भाराने लोळत नाही. ज्या गव्हाने भारताची कोठारे भरली त्याची गुरुकिल्ली पेशीतल्या एका प्रथिनात होती. याला 'अपवाद' म्हणून शेवटच्या परिच्छेदात ढकलायचे?

या ग्रंथातही उणिवा आहेत. त्याची उदाहरणे मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपाची आहेत. २००० साली वनस्पतींमध्ये पहिल्यांदा याच रोपाचा जीनोम वाचला गेला, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. पण ज्वारी, बाजरी आणि ऊस ही आपली पिके प्रकाशसंश्लेषणाची वेगळी रीत वापरतात, आणि ती रीतच आपल्या ऊन-पावसात महत्त्वाची ठरते. हा ग्रंथ वाचून तयार झालेल्या विद्यार्थ्याला अरॅबिडॉप्सिसच्या डझनभर जनुकांची नावे येतील आणि कुंपणावरची वेल ओळखता येणार नाही, असे सहज घडू शकते. वनस्पतीची विविधता रेणूंच्या मागे झाकली जाते, ही त्याची खरी मर्यादा.

दोन विभाग, दोन अर्धी शास्त्रे

आपल्याकडे नेमके उलटे घडते. बहुतेक विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचा विभाग एकीकडे आणि जैवतंत्रज्ञानाचा दुसरीकडे. पहिल्यात कुळांची लक्षणे पाठ होतात, दुसऱ्यात डीएनए वेगळा करण्याच्या कृती. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांनी रेणवीय व पेशीजीवशास्त्राच्या पदवीला 'वनस्पतिविज्ञानासह' अशी जोड दिली. हे स्वागतार्हच. पण त्या 'सह'कडे जरा लक्ष द्या. 'प्राणिविज्ञानासह' असे लिहिण्याची गरज तितकीशी वाटत नाही, कारण ते मूळ नावातच धरलेले असते.

ही विभागणी काही नैसर्गिक नव्हे. पेशी हा शब्द रॉबर्ट हुकने १६६५मध्ये बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना वापरला. रॉबर्ट ब्राऊनने १८३१मध्ये केंद्रकाला नाव दिले ते ऑर्किड पाहताना. विषाणूची ओळख तंबाखूच्या रोगट पानांतून झाली. उड्या मारणारी जनुके बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याच्या दाण्यांत दिसली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३मध्ये, वर चर्चिलेल्या पहिल्या ग्रंथाच्या जन्मवर्षीच. १९९०मध्ये पिटुनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी रंगाचे जादा जनुक घातले, तर काही फुले चक्क पांढरी झाली. या कोड्याचा धागा पुढे आरएनएच्या साहाय्याने जनुके गप्प करण्याच्या यंत्रणेपर्यंत गेला. त्या यंत्रणेच्या शोधाचे २००६चे नोबेल मात्र कृमीवरील प्रयोगांना मिळाले.

आपल्या देशातही दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४मध्ये धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले. त्यांतून गर्भासारख्या रचना निघाल्या. त्या परागकणांपासून आलेल्या आणि रंगसूत्रांचा एकच संच असलेल्या होत्या. पीक-पैदाशीला तेव्हापासून एक नवे हत्यार मिळाले. हे काम 'वनस्पतिशास्त्र' म्हणायचे की 'पेशीजीवशास्त्र'? प्रयोग करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसावा.

वर्गात काय करता येईल

खर्च न करता तीन गोष्टी करता येतील. पहिली, प्रयोगवहीत 'दिसले ते' आणि 'पुस्तकात आहे ते' अशा दोन आकृत्या वेगवेगळ्या काढायला लावाव्यात आणि त्यांतल्या फरकावर तोंडी प्रश्न विचारावेत. दुसरी, ऱ्हिओच्या पानाची साल मिठाच्या पाण्यात ठेवून रससंकोच दाखवताना तिथेच थांबू नये. साल पुन्हा साध्या पाण्यात टाकावी आणि 'मेथीची सुकलेली जुडी पाणी शिंपडल्यावर टवटवीत का होते?' असे विचारावे. तिसरी, पेशीचा पाठ एखाद्या वर्षी मुद्दाम वनस्पतिपेशीपासून सुरू करून पाहावा आणि प्राणिपेशी 'भित्तिका नसलेली' म्हणून शिकवावी. मुले कोणते नवे प्रश्न विचारतात ते टिपून ठेवावे.

बारावीनंतर जीवशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सांगायचे आहे. रेणवीय जीवशास्त्राला प्रवेश मिळाला म्हणून वनस्पती मागे सोडू नका, आणि वनस्पतिशास्त्राला मिळाला म्हणून आपली गाडी चुकली असे समजू नका. अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्यातील विषय तपासा. पहिला ग्रंथ जरूर वाचा, त्याच्यासारखा शिक्षक विरळा. पण प्रत्येक प्रकरणाशेवटी 'वनस्पतींमध्ये मात्र' असे आले, की तिथून पुन्हा मागे जा आणि आधीचा नियम खरोखर नियम होता का, हे तपासा. कमी पाण्यात तग धरणारी ज्वारी किंवा तांबेऱ्याला न जुमानणारा गहू घडवायचा तर भित्तिका, संप्रेरक आणि जनुक ही तिन्ही एकाच डोक्यात असावी लागतील. ती एकत्र आणण्याचे काम आज कोणताही एक विभाग किंवा एक ग्रंथ पुरते करत नाही. तोवर ते विद्यार्थ्याला स्वतःच करावे लागेल, आणि त्याला तसे सांगणारा शिक्षक लागेल.