उत्तर आणि रीत

गणिताच्या पेपरात नुसत्या उत्तराला मी गुण देत नाही, रीत पाहतो. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडावा असे उत्तर दिले. मतपत्रिकेवर रीत लिहायची सोय नसते. ती दाखवणे हे कादंबरीकाराचे काम. जोनाथन को यांची ‘मिडल इंग्लंड’ (२०१८) मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचली ती त्याच अपेक्षेने.

इयनची बढती हुकते, ती आशियाई वंशाच्या सहकारिणीला मिळते. ती सल पुढे मतदानापर्यंत पोचते आणि सोफीशी मांडलेला त्याचा संसार सल्लागारापुढे जातो. वाचताना हसू येते नि पोटात कालवतेही. परक्यांविषयीची अढी लेखकाने अचूक टिपली आहे. पण ‘आमचे कायदे आमच्याच पार्लमेंटने करावेत’ एवढ्याच विचाराने मत देणारा शहाणा गृहस्थ मला या पुस्तकात जिवंत भेटला नाही.

मी तिथला मतदार असतो तर संघात राहण्याच्याच बाजूने मत देतो. म्हणून तर तो गृहस्थ मला भेटायला हवा होता! उत्तर पटले नाही तरी रीत तपासावी लागते; मास्तरालाही आणि लेखकालाही.