पूर दिसतो, नदी दिसत नाही

शाळेत ऑस्ट्रेलिया खंड शिकवताना त्याच्या मध्यभागासाठी आपण ठरावीक विशेषणे वापरतो: उष्ण, कोरडा, विरळ वस्तीचा. ती चुकीची नाहीत. परंतु याच कोरड्या प्रदेशातले रस्ते अधूनमधून पाण्याखाली जातात, आठवडेच्या आठवडे बंद राहतात आणि प्रवासी दोन ओढ्यांच्या मध्ये अडकून पडतात, असे सांगितले की वर्गातून प्रश्न येतो, ''वाळवंटात पूर कसा?'' हा प्रश्न शिकवताना 'द बॅक ऑफ बियाँड' हा १९५४ सालचा ऑस्ट्रेलियन माहितीपट कितपत उपयोगी पडेल, या दृष्टीने आम्ही त्याचे हे परीक्षण करीत आहोत. आमचे मत आधीच सांगतो. चित्रपट जरूर दाखवावा. पण त्याच्यावर विसंबून राहू नये. पुरामुळे होणारी अडचण त्याने उत्तम दाखवली आहे. पुराचे कारण मात्र त्याच्या चौकटीबाहेर राहिले आहे.

चित्रपटात काय आहे

जॉन हेयर यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे ६६ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट शेल या तेल कंपनीच्या चित्रपट विभागाने काढला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला १९५४ साली सर्वोच्च पारितोषिक मिळाले. विषय अगदी साधा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी या गावाहून क्वीन्सलँडमधील बर्ड्सव्हिल या गावापर्यंत सुमारे ५१७ कि.मी.चा कच्चा मार्ग जातो. त्या मार्गावरून दर पंधरवड्याला टपाल आणि सामान घेऊन जाणाऱ्या टॉम क्रूझ यांची ही एक फेरी. (नावात जवळजवळ सारखेपणा असला तरी हे अमेरिकन नट नव्हेत. १९३६ पासून त्यांनी या मार्गावर टपाल वाहिले आणि २०११ साली ते वारले.) ट्रक वाळूत रुततो, चाकांखाली लोखंडी पत्रे घालून तो बाहेर काढला जातो, वाटेतल्या एकाकी घरांत पत्रे, पीठ, औषधे पोचतात. मग कूपर क्रीक आडवी येते. ती भरलेली असते. ट्रकमधला माल होडीत चढवावा लागतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा उतरवावा लागतो.

हा प्रसंग रचलेला असला तरी कल्पित नाही. १९४९ साली कूपरला मोठा पूर आला तेव्हा माणसे आणि सामान पलीकडे नेण्यासाठी 'टॉम ब्रेनन' नावाची एक सपाट होडी तिथे आणण्यात आली होती. अलीकडेही, २०१० नंतरच्या पुरांत, याच ठिकाणी मोटारी तरीवरून पार कराव्या लागल्या. ज्या मुलखात वर्षाला सरासरी २०० मि.मी.हूनही कमी पाऊस पडतो, तिथे रस्त्यावर तर चालवावी लागते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा चित्रपटातील त्या काही मिनिटांत अधिक ठसते. हेयर यांच्या कामगिरीचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

काय दिसत नाही

आमची तक्रार कॅमेऱ्याच्या जागेबद्दल आहे. तो सतत ट्रकबरोबर असतो. ट्रकला जे आडवे येते ते त्याला दिसते: वाळूची टेकडी, मोडलेला दांडा, भरलेली नदी. त्यामुळे तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटू लागतात, त्या म्हणजे 'अडथळे'. नदी जणू त्या काठापासूनच सुरू होते आणि ट्रक पलीकडे गेला की संपते. तेल कंपनीने काढलेल्या चित्रपटात चाक हा नायक असणे स्वाभाविक आहे. परंतु विज्ञान शिकवणाऱ्याने चाकाची बाजू सोडून पाण्याच्या बाजूने पाहायला हवे.

तसे पाहिले तर काय दिसते? क्वीन्सलँडमध्ये थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या विंडोरा या गावाच्या वरच्या अंगाला एकत्र येतात आणि त्यांची कूपर क्रीक होते. दोन नद्या मिळून एक 'ओढा' होण्याचा हा प्रकार विद्यार्थ्यांना गमतीचा वाटतो. चार्ल्स स्टर्ट या शोधकाने १८४५ साली तिला पाहिले तेव्हा पाणी वाहत नव्हते, म्हणून त्याने तिला नदी म्हटले नाही. हा 'ओढा' सुमारे तीन लाख चौ.कि.मी. प्रदेशाचे पाणी गोळा करतो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौ.कि.मी. आहे. म्हणजे जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्रावर पडणारे पाणी एकाच ओढ्याकडे वळले आहे, अशी कल्पना करावी.

उत्तरेकडून मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा खाली सरकला की वरच्या भागात जोरदार पाऊस होतो. तिथून खाली जमिनीला उतार जवळजवळ नाहीच. काही टप्प्यांत तो कि.मी.ला २० से.मी.च्या आसपास आहे. पाणी एका पात्रात न राहता असंख्य वेण्यांसारख्या पाटांतून कित्येक कि.मी. रुंद पसरते आणि माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश पुढे सरकते. विंडोराच्या खालच्या चारशेएक कि.मी.च्या टप्प्यात सरासरी तीन चतुर्थांश पाणी जिरून, उडून आणि खळग्यांत साठून नाहीसे होते. उरलेले पाणी बर्ड्सव्हिल मार्गापर्यंत पोचायला कित्येक आठवडे लागतात. बहुतेक वर्षी ते पोचतच नाही. मोठ्या पुराच्या वर्षी मात्र ते थेट काटी थांडा–लेक आयर या, समुद्रसपाटीहून सुमारे १५ मीटर खोल असलेल्या, खाऱ्या सरोवरापर्यंत जाते. १९७४ साली असे घडले. २०२५ च्या मार्चअखेर क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्य भागात इतका पाऊस झाला की काही ठिकाणी १९७४ ची पातळीही ओलांडली गेली. गावे रिकामी करावी लागली, जनावरांची प्रचंड हानी झाली आणि पुढच्या महिन्यांत ते पाणी सरोवराकडे उतरत राहिले.

आता मुद्दा स्पष्ट होतो. बर्ड्सव्हिल मार्गावरचा प्रवासी वर पाहतो तेव्हा आकाश निरभ्र असू शकते. रस्ता बंद करणारा पाऊस महिन्यापूर्वी आणि शेकडो कि.मी. दूर पडून गेलेला असतो. आपल्या विद्यार्थ्यांना हे समजायला कठीण जाऊ नये. पंढरपूर पर्जन्यछायेत आहे. तिथे स्वच्छ ऊन पडलेले असताना घाटमाथ्यावरच्या पावसाने चंद्रभागा दुथडी भरलेली अनेकांनी पाहिली आहे. फरक वेळेचा आहे. भीमेचे पाणी काही दिवसांत येते, कूपरचे काही आठवड्यांत.

दुसरी बाजू: चिखल

पुराखेरीज खुद्द त्या जागी पडलेला पाऊसही रस्ता बंद करतो, आणि त्याला फार पाऊस लागत नाही. या पूरमैदानांवर भेगा पडणारी चिकणमाती आहे. वाळल्यावर आकसणारी आणि भिजल्यावर फुगणारी खनिजे तिच्यात असतात. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीची ती नातलगच. मराठवाड्यात किंवा विदर्भात पहिल्या पावसानंतर पांदीतून बैलगाडी नेणाऱ्याला चाकाला बसणारे मातीचे थर काय असतात ते माहीत आहे. अशा रस्त्यावरून एक जड गाडी गेली तरी खोल चाकोऱ्या पडतात, त्या उन्हाने कडक होतात आणि पुढच्या सर्वांना त्रास होतो. म्हणून तिथे पावसानंतर रस्ते बंद जाहीर करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला दंड होतो. पर्यटकाला हे जाचक वाटते. पण तो रस्ता तिथल्या वस्तीचा एकमेव रस्ता असतो.

चुकीचा वारसा

चित्रपटात पुराच्या काठावर क्रूझ काय करतात ते नीट पाहावे. ते ट्रक पाण्यात घालत नाहीत. थांबतात, माल उतरवतात, होडी वापरतात. आउटबॅकच्या प्रवासाची जी प्रतिमा पुढे जाहिरातींतून पसरली, तिच्यात नेमके हेच गळाले. मोठ्या चाकांची गाडी दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उडवत ओढा पार करते, हे चित्र आपल्याकडेही ओळखीचे झाले आहे. ते केवळ भडक नाही, भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे, आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. ऑस्ट्रेलियात पुरात मरणाऱ्यांमध्ये गाडी पाण्यात घातलेल्यांचा वाटा मोठा आहे.

वर्गात एक हिशेब करून पाहावा. लहान मोटारीचे वजन १,०५० किलो आणि तळाचे क्षेत्रफळ ४ मी. × १.६ मी., म्हणजे ६.४ चौ.मी. धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तिच्या वजनाइतके पाणी बाजूला सारायला तळाच्या वर किती पाणी लागेल? सुमारे १६ से.मी. तळ जमिनीपासून १५ से.मी. उंच असेल तर एकूण ३१ से.मी.; म्हणजे गुडघ्याच्याही खाली. प्रत्यक्ष मोटार ही बंद पेटी नसते, चाकांच्या कमानीत आणि इंजिनाच्या जागेत पाणी शिरते, म्हणून पूर्ण तरंगायला अधिक खोली लागते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेने २०१७ च्या सुमारास खऱ्या मोटारी टाकीत उभ्या करून हे तपासले. साधारण याच वजनाची मोटार ६० से.मी. पाण्यात पूर्ण तरंगली. पण वाहत्या पाण्यात ती त्याच्या कितीतरी आधी, केवळ १५ से.मी. खोलीला आणि ताशी ३.६ कि.मी. वेगाला, सरकू लागली. अडीच टनांची चारही चाकांना गती असलेली गाडी तशाच वेगाच्या ४५ से.मी. पाण्यात अस्थिर झाली.

यातून दोन गोष्टी शिकवता येतात. एक, पाणी गाडीला उचलू लागले की टायरवरचा भार कमी होतो आणि त्याबरोबर घर्षणही. गाडी तरंगण्याआधीच तिची पकड सुटते. दोन, वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. ओढ्याकाठी उभा केलेला मोजपट्टीचा खांब फक्त खोली सांगतो. वेग सांगत नाही, आणि गढूळ पाण्याखालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हेही सांगत नाही. क्वीन्सलँडमध्ये 'पूर असेल तर विसरा' अशा अर्थाची घोषणा लोकांना दिली जाते. घोषणा योग्य आहे, पण तिच्यात कारण नाही. आणि कारण न कळलेली आज्ञा 'माझी गाडी उंच आहे' एवढ्या विचाराने मोडते. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना दुचाकी किंवा जीप घालणारा माणूसही असाच विचार करतो. कारण सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

वर्गासाठी सूचना

चित्रपट दाखवताना कूपरच्या काठाशी तो थांबवावा. ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडून विद्यार्थ्यांना विंडोरा, थॉमसन आणि बार्कू शोधायला सांगावे, आणि पाणी कुठून, किती दिवसांपूर्वी निघाले असेल याचा अंदाज करू द्यावा. मग वरचा तरंगण्याचा हिशेब करावा. त्यानंतरच उरलेला चित्रपट पुढे चालू करावा. असे केल्यास होडीत माल चढवणारे क्रूझ हे अडथळ्यावर मात करणारे वीर न राहता, पाण्याचा स्वभाव ओळखून वागणारे जाणते वाटाडे दिसू लागतील. चित्रपटातला हा गुण खरा आहे. मात्र तो दाखवून द्यावा लागतो.

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. आपल्या गावाजवळच्या ओढ्यावर जी फरशी दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते, तिच्या वरच्या अंगाला पाणी कोणकोणत्या शिवारांतून येते याचा नकाशा काढावा, आणि पाऊस थांबल्यावर किती तासांनी ती मोकळी होते याची एका हंगामाची नोंद ठेवावी.