वाकडा कणा: दोष जनुकाचा की पेटीचा?

बॉल पायथन हा आफ्रिकेतला लहान अजगर. अमेरिका-युरोपात तो घरात पाळण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पैदा केला जातो. निवडून जोपासलेल्या रंगप्रकाराला तिथे 'मॉर्फ' म्हणतात. त्यातल्या 'कॅरमेल अल्बिनो' मॉर्फची पिल्लं वाकड्या कण्याची निघतात, असा पैदास करणाऱ्यांचा जुना अनुभव. त्यावरून निष्कर्ष तयार: रंगाचं जनुकच कणा बिघडवतं. वाचलं तेव्हा मलाही पटलं होतं. पण या दाव्याला तीन भोकं आहेत.

पहिलं, तापमान. अंडी पेटीत साधारण 31-32 अंश सेल्सिअसला दोन महिने उबवतात. तापमान चुकलं तर कुठल्याही रंगाच्या सापाचा कणा वाकडा होऊ शकतो. मग पेटीतल्या तापमानाच्या नोंदी कुठे आहेत?

दुसरं, नमुना. समजा, एका मादीच्या सहा पिल्लांपैकी दोन वाकडी निघाली. ही सहा स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. आई एक, पेटी एक, म्हणून नमुनाही जवळजवळ एकच!

तिसरं, छेद. न फुटलेली अंडी आणि मारून टाकलेली पिल्लं मोजलीच नाहीत, तर टक्केवारी कशाची काढणार? शिवाय सौम्य बाक वरून दिसत नाही, एक्स-रे लागतो.

आता 'स्पायडर' मॉर्फ बघा. या सापांचं डोकं डुलतं, तोल जातो. 2022 मध्ये स्टार्क आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन'मध्ये सूक्ष्म-सीटी प्रतिमांवरून दाखवलं, की त्यांच्या अंतर्कर्णाची रचनाच वेगळी असते. म्हणजे त्यांनी दोष नेमक्या अवयवात दाखवला. कण्याच्या बाबतीत आपल्याला तेवढं तरी हवं.

गंमत म्हणजे तुलनेची सोय निसर्गानेच केली आहे. कॅरमेल हा अप्रभावी गुण. कॅरमेल साप आणि फक्त वाहक साप यांच्या संकरातून साधारण निम्मी पिल्लं कॅरमेल, निम्मी नेहमीच्या रंगाची निघतात. आई तीच, पेटी तीच. बाक फक्त कॅरमेल भावंडांतच वारंवार दिसला, तर एकट्या पेटीला दोष देता येणार नाही. तरीही तो रंगाच्या जनुकामुळे की त्याला चिकटून आलेल्या शेजारच्या जनुकामुळे, हे सुटायला आणखी पिढ्या लागतील.

पण उत्तरासाठी आपण मुद्दाम वाकडी पिल्लं जन्माला घालायची का? माझं मत: नाही. हे संकर पैदास करणारे आजही करतातच. त्यांच्याकडून प्रत्येक अंड्याची नोंद आणि एक्स-रे मिळवा. दोष पेटीचा असेल तर पेटी सुधारता येईल, जनुकाचा असेल तर ती पैदास थांबवावी लागेल. चुकीच्या निष्कर्षाची किंमत ते पिल्लू मोजतं, आपण नाही.