ब्रिगेडियर उस्मान : सोबत्यांच्या आठवणीतले

मुस्लिम सैनिकाच्या शहादतीची आठवण आपल्याकडे बहुधा दोन वेळा निघते. एक स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात, आणि दुसरी आपल्या देशनिष्ठेवर कुणी शंका घेतली म्हणजे. मग ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, हवालदार अब्दुल हमीद अशी नावे मोजली जातात. नावे खरी आहेत, पराक्रमही खरा आहे. पण अशा मोजणीत माणूस मागे पडतो आणि त्याचा नुसता दाखला होतो. उस्मान यांच्याविषयी सोबतच्या सैनिकांनी जे सांगून ठेवले आहे ते वाचताना हा फरक आम्हांला ठळकपणे जाणवला.

लोकप्रिय लेखांतले उस्मान ठरलेले आहेत. फाळणीच्या वेळी त्यांची बलुच रेजिमेंट पाकिस्तानात गेली. तिकडून मोठ्या पदाचे आमिष आले, ते त्यांनी नाकारले, असे सांगितले जाते. त्यांच्या शिरावर पन्नास हजारांचे इनाम होते, असेही सांगतात. शेवटी ‘नौशेऱ्याचा सिंह’ ही पदवी येते आणि लेख संपतो. यात उस्मान यांची किंमत कशावरून ठरली? त्यांनी काय नाकारले आणि शत्रूने त्यांचे काय मोल केले यावरून. ते स्वतः कसे होते, हे कुठेच येत नाही.

ते येते सोबत्यांच्या आठवणींत. एस. के. सिन्हा हे त्या वेळी मेजर होते आणि जनरल करिअप्पांच्या हाताखाली काम करीत होते. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले, जम्मू-काश्मीरचे राज्यपालही झाले. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी : करिअप्पा नौशेऱ्याला आले आणि जाताना उस्मान यांना म्हणाले की मला एक भेट हवी, समोरची कोटची टेकडी. उस्मान यांनी ती मोहीम आखली आणि तिला नाव दिले ‘किपर’. हे करिअप्पांचे लाडके टोपणनाव. फेब्रुवारी 1948 च्या आरंभी कोट हाती आले. वरिष्ठाची अशी थट्टा करण्याइतके मोकळेपण ज्याच्याजवळ आहे, असा हा अधिकारी पुतळ्यात मावणारा नाही. त्यानंतर लगेच 6 फेब्रुवारीला नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला. त्याच दिवशी उस्मान यांच्या ब्रिगेडमधले राजपूत पलटणीचे नायक जदुनाथ सिंह यांनी तैनधारला प्राण दिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती झांगरची आठवण. ब्रिगेडियर परांजपे आजारी पडल्यामुळे 50 पॅरा ब्रिगेडची सूत्रे डिसेंबर 1947 मध्ये उस्मान यांच्याकडे आली. त्याच महिन्याच्या 24 तारखेला झांगर हातचे गेले. ही हार होती. लोकप्रिय लेख ती एका वाक्यात उरकतात, कारण सिंह हरलेला त्यांना चालत नाही. सोबत्यांची आठवण मात्र या हारीवरच उभी आहे. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असे उस्मान यांनी ठरवले आणि त्या कडाक्याच्या थंडीत ते जमिनीवर चटईवर झोपले. 18 मार्च 1948 ला झांगर परत मिळाले. तेव्हा ब्रिगेडच्या ठाण्यावर खाटच नव्हती, म्हणून गावातून एक मागून आणावी लागली. एवढ्या तपशिलातून आम्हांला तो माणूस दिसतो. हारीची लाज स्वतःच्या अंगावर घेणारा, आणि शब्द पाळल्यावर गावकऱ्याच्या खाटेवर पाठ टेकणारा.

झांगरच्या या लढाईत पीर थिलची उंची घ्यायला 3 मराठा पॅरा पलटण होती. मराठी बोलणारे जवान एका मुस्लिम ब्रिगेडियरच्या हुकमाखाली ती चढण चढले. हा प्रसंग मराठी माणसाच्या घरचा आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात तो शोभला असता.

आता एक उणीवही सांगितली पाहिजे. मेजर जनरल व्ही. के. सिंह यांच्या 2005 च्या चरित्रग्रंथात उस्मान यांच्यावर चांगले प्रकरण आहे. सिन्हांचे लेखनही विश्वासाचे आहे. पण हे सारे अधिकाऱ्यांनी लिहिलेले आणि इंग्रजीतले. उस्मान दारू पीत नसत, लग्न केले नव्हते, पगारातून गरीब मुलांना मदत करीत, नौशेऱ्यातल्या अनाथ पोरांची त्यांनी बालसेना उभी केली, हे त्यातून कळते. पण त्यांचा राग कसा होता, जवान त्यांना भीत होते की नाही, हे तंबूत चहा नेऊन देणाऱ्यालाच ठाऊक असणार. अधिकाऱ्याच्या आठवणीत गुणच जास्त राहतात. आठवणी वाचताना हे ध्यानात ठेवले तर त्यांचा मान कमी होत नाही, भरवसा मात्र वाढतो.

3 जुलै 1948 ला झांगरला तोफेचा गोळा जवळ पडून उस्मान गेले. छत्तीस वर्षे पुरी व्हायला बारा दिवस उरले होते. पंतप्रधान नेहरू आणि मौलाना आझाद जनाज्याला आले, दफन दिल्लीला जामिया मिल्लियाच्या कब्रस्तानात झाले. पुढे महावीर चक्र मिळाले. डिसेंबर 2020 मध्ये याच कबरीची मोडतोड झाल्याची बातमी आली आणि सैन्याने ती दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. दाखला म्हणून नाव सगळ्यांना हवे असते, पण कबरीकडे लक्ष ठेवले ते शेवटी फौजेनेच.

आमचे म्हणणे एवढेच की शहीदाला कुणाच्या आरोपाचे उत्तर करू नये. ज्याने जीव दिला त्याला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा त्याचा मान नव्हे. मराठी मुस्लिम घरांतून फौजेत गेलेले कित्येक जण आज म्हातारे झाले आहेत. त्यांचेही सोबती होते, त्यातले काही परतले नाहीत. त्यांच्याजवळ बसून, आपल्या भाषेत, त्या माणसांची हार, थट्टा आणि चटई यांसकट आठवण लिहून घेणे हे आपल्या साहित्याचे काम आहे. सांगणारे आहेत तोवरच ते होईल.