नाद आणि चित्र : लांजीच्या श्रोत्यांवरून एक विचार

१

संगीत ऐकत असताना श्रोत्याच्या मनात जे उभे राहते, त्याचा संगीताशी संबंध किती, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. तथापि या प्रश्नाची चर्चा बहुधा मैफलीच्या शहरांत, जाणत्या श्रोत्यांना समोर धरून झाली आहे. गेल्या कार्तिकात मंडईच्या दिवसांत लांजीस काही दिवस राहण्याचा योग आला. तेथे जे ऐकावयास मिळाले त्यामुळे या विषयावरील माझ्या जुन्या मताला मुरड घालणे मला भाग पडले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

लांजी हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे गाव. गाव प्राचीन आहे. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात ज्या प्रदेशांचे अधिपती त्यास कर देत असत त्यांची यादी आहे. तीत वैरागर आणि भाणार यांच्याबरोबर लांजिकेचेही नाव येते. आज तेथे पडका किल्ला, लांजकाई देवीचे स्थान आणि कोटेश्वराचे जुने देवालय आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) या भागाची मराठी नागपुरी बोलीच्या परिवारात घातलेली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. घरात पोवारी, गोंडी, मराठी ज्याची त्याची राहिली. मात्र भजनात आणि दंडारीत मराठी टिकली. भाषा व्यवहारातून मागे सरावी आणि गाण्यात उरावी, अशा ठिकाणी ‘ऐकताना काय दिसते’ या प्रश्नाला एक निराळीच धार येते.

२

प्रथम माझे पूर्वीचे मत सांगतो. हॅन्स्लिक या व्हिएन्नाच्या टीकाकाराने १८५४ साली संगीतातील सौंदर्यावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादले की, संगीताचा आशय म्हणजे नादाकृतींची गती, दुसरे काही नाही. आपल्याकडे मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी झालेली संवेदनांची रचना हेच कलेचे सारसर्वस्व मानले, आणि या शुद्ध रचनेचे उदाहरण म्हणून संगीत सहजच पुढे आले. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्यांची मांडणी केली तीही स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून, श्रोत्याला काय दिसते यावरून नव्हे. या विचारांच्या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारख्या अध्यापकाला, गाणे ऐकताना नदी दिसली, पाऊस दिसला, असे म्हणणारा श्रोता कच्चा वाटे. एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधात सतार ऐकताना ओसाड वाडा दिसल्याचे लिहिले होते. ‘हे संगीत नव्हे, हे तुझे दिवास्वप्न’ असा शेरा मारून मी तिचे गुण कापले. तो शेरा मला आज बोचतो.

याच्या उलट टोकाला रागांना रूपे देणारी परंपरा आहे. नाट्यशास्त्राने मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र आणि अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला वाटून दिले. पुढे रागांची ध्यानश्लोकांत वर्णने झाली आणि रागमालांच्या चित्रांत त्यांना देह मिळाले. ही परंपरा रम्य खरी, परंतु तिला स्वरशास्त्राचा आधार शोधू जावे तर तो निसटतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर एकच आहेत. तिन्हींत कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम वर्ज्य. असे असूनही पूरिया मंद्रात गंभीरपणे वावरतो, सोहनी तारसप्तकात चमकते आणि मारवा संध्याकाळचा व्याकूळ असतो. स्वर तेच असताना अनुभव तीन होतात, त्या अर्थी अनुभवाचे मूळ सुट्या स्वरांत नाही. ते स्वरांच्या चालण्यात आहे, कोठे थांबावे, कोठे थांबू नये आणि कोणाला टाळावे, यात आहे.

३

लांजीत ज्या शिक्षकमित्राकडे उतरलो होतो, त्यांच्याकडे एका संध्याकाळी आम्ही उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. १९६० साली निघालेल्या त्यांच्या सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. ऐकावयास मित्र, त्यांच्या वृद्ध मातोश्री, शेजारचे एक वयस्क कोष्टी भजनकरी आणि घरातला आठवीतला मुलगा एवढी मंडळी होती. शास्त्रीय संगीताची तालीम यांपैकी कोणालाच नव्हती. गाणे संपल्यावर मी प्रत्येकाला काय वाटले ते विचारले.

मित्र म्हणाले, तलावाच्या पलीकडे सूर्य गेला आहे, परंतु उजेड अद्याप पाण्यावर आहे. मातोश्रींना रानात चुकलेली गाय दिसली. घंटा ऐकू येते आणि गाय दिसत नाही. भजनकरी बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “घर तं दिसते गुरुजी, पन दार नाई सापडत.” मुलाला एका चित्रपटातला प्रसंग आठवला, कारण त्यातील गाण्याची चाल त्याला थोडी अशीच वाटली.

वरवर पाहता ही चार चित्रे परस्परांशी असंबद्ध आहेत आणि हॅन्स्लिकचा विजय झाला असे म्हणता येईल. परंतु पहिली तीन पुन्हा वाचावीत. सूर्य गेला आहे व गेला नाही. गाय जवळ आहे व सापडत नाही. घर आहे व दार नाही. वस्तू निरनिराळ्या आहेत, पण त्यांची घडण एकच आहे : जेथे पोचावयाचे ते जवळ असून पोचणे लांबत आहे. आता मारव्याकडे पाहावे. ऋषभ आणि धैवत हे त्याचे प्रधान स्वर. षड्ज हे सर्व गायनाचे घर, परंतु मारव्यात गायक त्या घराला वळसा घालून जातो. ऋषभावर, धैवतावर रेंगाळतो आणि क्वचित व उशिरा षड्जावर येतो. तंबोऱ्यात षड्ज सतत वाजतो आहे, आणि गळा मात्र तेथे उतरत नाही. घराला दार सापडत नाही असे म्हणणाऱ्या त्या भजनकऱ्याने मारव्याचे व्याकरण एका वाक्यात सांगितले, आणि त्याला षड्ज हा शब्दही वापरावा लागला नाही.

यावरून मला जे सुचते ते असे. संगीत वस्तू देत नाही, गती देते. ओढ, अडणे, लांबणे, सुटणे, निवणे ही सर्व गतीची रूपे आहेत. हॅन्स्लिकनेही एवढे मान्य केले होते की, भावना नव्हे तरी भावनेतील चलन संगीत दाखवू शकते. त्या गतीला वस्तू पुरवतो तो श्रोता, आपल्या गावातून, आपल्या कामातून, आपल्या आठवणीतून. तेव्हा चित्र संगीताबाहेरचे असले तरी चित्राची घडण संगीतातली असू शकते. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात, अर्थ न सांगणाऱ्या गीतध्वनींनाही रसाचे व्यंजकत्व असते असे म्हटले आहे, त्याची संगती मला अशी लागते.

मग मुलाचे चित्र? ते चूक म्हणावयाचे काय? येथे अभिनवगुप्ताचा आधार घ्यावासा वाटतो. रसप्रतीतीच्या सात विघ्नांत त्याने स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे एक विघ्न सांगितले आहे, आणि विशेष म्हणजे त्याच्या निवारणाच्या उपायांत वाद्ये आणि गान यांचाच उल्लेख केला आहे. जे संगीत माणसाला स्वतःच्या कोशातून बाहेर काढते, तेच त्याला कोशात परतण्याची वाटही देऊ शकते. मुलाला आठवलेला प्रसंग गाण्याच्या एका तुकड्याला चिकटला आणि तेथून गाण्याला सोडून गेला. पुढे गाणे कसे गेले याची त्या प्रसंगाला दाद नव्हती. भजनकऱ्याचे चित्र मात्र गाण्याबरोबर चालत राहिले. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो, परंतु कशामुळे ते त्याला आठवत नाही. कालिदासाने त्याला शकुंतलेचे चित्र दिले नाही, नुसती हुरहूर दिली. श्रवणानुभवाचे इतके अचूक निरीक्षण मला अन्यत्र आढळलेले नाही. तेव्हा श्रोत्याला काय दिसले हे न विचारता, जे दिसले ते गाण्याच्या चालीला जबाबदार राहिले की नाही, हे विचारावे. आणि ज्याला काहीच दिसत नाही त्यालाही कमी लेखू नये. काही माणसांच्या मनात चित्रे मुळीच उमटत नाहीत हे गॉल्टनने १८८० साली नोंदले होते आणि अलीकडच्या संशोधनाने त्याला दुजोरा मिळाला आहे. अशा श्रोत्याला घडण चित्रावाचून जाणवते, इतकेच.

४

येथवर प्रश्न नादापुरता होता. शब्द आले की तो बिकट होतो, आणि लांजीत तो प्रश्न घरोघर आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मातोश्री अभंग म्हणत होत्या. त्यांच्या घरची बोली पोवारी. अभंग त्या त्यांच्या आईकडून शिकल्या. पंढरपूर त्यांनी पाहिलेले नाही. चंद्रभागा कशी दिसते असे विचारताच त्या म्हणाल्या, पुरातल्या वैनगंगेसारखी. काही शब्दांचे अर्थ विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते कोशाशी जुळणारे नव्हते, परंतु अभंगाच्या भावाशी विसंगत नव्हते. एखादा पंडित याला अज्ञान म्हणेल. मला ते भाषेचे जिवंत व्यवहार वाटले. वारकरी अभंग भीमेपासून वैनगंगेपर्यंत आला तो असाच, ज्या त्या गावाचे पाणी त्यात मिसळत. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजने खंजिरीवर या मुलखात रुजली, त्यांचेही काही निराळे झाले नसावे.

त्या घरातला मुलगा आजीबरोबर टाळ धरीत होता. ठेका त्याचा पक्का, एकही मात्रा चुकली नाही. त्याला विचारले, अभंग म्हणताना तुला काय दिसते? तो म्हणाला, “आजी दिसते.” शब्दांचा अर्थ? त्याने मान हलवली. शाळेत हिंदी, घरात पोवारी. मराठी त्याच्यापुरती केवळ आजीच्या गळ्यातला आवाज आहे.

हे उत्तर हृद्य आहे, परंतु ते ऐकून मी निश्चिंत होऊ शकलो नाही. आजीला अभंगात नदी दिसते, नातवाला आजी दिसते. मग नातवाच्या मुलाला काय दिसेल? संगीताला भाषा नसते, ते सर्वांना सारखेच कळते, असे आपण समारंभांत म्हणतो. २०२२ साली एलिझाबेथ मार्गुलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या समजाला छेद देतो. अमेरिकेतील दोन ठिकाणच्या आणि चीनमधील एका खेड्यातील लोकांना शब्दरहित वाद्यसंगीत ऐकवून त्यांना सुचलेल्या कथा लिहून घेतल्या. अमेरिकेतील दोन्ही ठिकाणच्या लोकांच्या कथा एकमेकींशी पुष्कळ जुळल्या. चिनी खेड्यातील कथांशी त्यांचे साम्य थोडेच होते. म्हणजे शब्द नसतानाही माणसे एकसारखी कल्पना करतात ती सामायिक संस्कृतीच्या बळावर. मग जेथे गाण्याचा प्राण शब्दांत आहे, त्या अभंगाची अवस्था काय होईल? लय मुलाच्या हातात आली आहे. ती गती देईल. परंतु त्या गतीला पुरवावयाच्या वस्तू, म्हणजे वाळवंट, वीट, वारी, माहेर, या त्याच्याजवळ नाहीत. त्या केवळ नादाने येत नाहीत. कोणीतरी त्या शब्दाशब्दाने द्याव्या लागतात.

सौंदर्यशास्त्राच्या चर्चेतून अध्यापकांसाठी जर काही निघत असेल तर ते मला असे वाटते. मुलांना काय दिसते ते आधी विचारावे आणि त्यांच्या चित्रांना हसू नये. मग गाणे पुन्हा ऐकवून, ते चित्र गाण्याच्या कोणत्या वळणातून आले हे त्यांच्याकडूनच शोधवून घ्यावे. शब्द असलेल्या गाण्यात एवढ्याने भागणार नाही. तेथे अर्थही सांगावा, आणि तो सांगताना वैनगंगेला चुकीचे ठरवू नये. सीमेपलीकडच्या मराठी घरांसाठी साहित्यसंस्थांनी संमेलने भरवावीतच. पण एखादा अभंग सार्थ, हिंदी आणि पोवारी बोलणाऱ्या मुलाला समजेल अशा टीपांसह छापून गावच्या भजनमंडळाच्या हाती दिला, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

लांजीहून निघण्यापूर्वी भजनकरी बसथांब्यावर भेटावयास आले. मारवा पुन्हा ऐकावयाचा आहे म्हणाले, “दार सापडते का पाहू.” मी त्यांना षड्ज म्हणजे काय ते सांगितले नाही. मुलाला मात्र रात्री बसून एका अभंगाचे चारही चरण समजावून दिले होते. तिसऱ्या चरणापाशी त्याने टाळ खाली ठेवले आणि विचारले, “मंग आजी हे रोज म्हंते?”