आडवाटेची गाडी : रेल्वे सिम्युलेटर आणि ते खेळणारी माणसं

भातकुलीतून बोलतोय म्हटलं की बाहेरगावचे लोक हमखास विचारतात, "भातुकली का?" एका अक्षराची अदलाबदल, पण आजच्या विषयाला ती फार सोयीची आहे. आम्ही काही मित्र गेली कित्येक वर्षं संगणकावर रेल्वे चालवतो, आणि घरच्यांच्या मते ती भातुकलीच आहे. आमच्यापैकी एकाच्या आजीचं म्हणणं असं, "कायले हे करून राहिले बाप्पा, खरी गाडी तर बडनेऱ्याले दिसतेच ना." प्रश्न बरोबर आहे. आम्ही आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहोत, आणि वाटेत या खेळांबद्दल व खेळणाऱ्यांबद्दल, म्हणजे स्वतःबद्दलही, थोडं कडू बोलणार आहोत.

आधी ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी. यात गोळीबार नाही, गुण नाहीत, कुणाला हरवायचं नाही. समजा अकोल्याहून बडनेऱ्याकडे मालगाडी न्यायची आहे. जवळपास ऐंशी किलोमीटर. मधे मूर्तिजापूरला तुम्हाला बाजूच्या रुळावर घेतात, कारण मागून एक्सप्रेस येतेय. आता बसा. सिग्नल लाल आहे तोवर काही करायचं नाही. वीस मिनिटं स्क्रीनवर एक बाभळीचं झाड आणि लाल दिवा. बघणाऱ्याला हे वेडेपण वाटतं. पण सिग्नल पिवळा होतो तेव्हा जो आनंद होतो, तो वाट पाहिल्याशिवाय मिळत नाही.

ब्रेकचंच घ्या. रेल्वेच्या ब्रेक पाइपमध्ये पाच किलो दाबाची हवा असते. चालक ती सोडतो, दाब उतरतो, तसे डब्यांचे ब्रेक लागतात. पण अठ्ठावन्न वाघिणींची गाडी असेल तर दाब उतरल्याची खबर शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ब्रेक सोडल्यावर हवा परत भरायला त्याहून जास्त. नवखा खेळाडू घाईघाईत ब्रेक लावतो, सोडतो, परत लावतो. तिसऱ्या वेळेला हातात काहीच उरलेलं नसतं आणि उतार तर पुढेच असतो. चांगला सिम्युलेटर हे तुम्हाला शिकवतो, आणि वाईट सिम्युलेटरमध्ये गाडी मोटारसायकलसारखी थांबते. आमची कसोटी ही एवढीच आहे. चित्र किती सुंदर, पावसाचे थेंब काचेवर कसे ओघळतात, हे सगळं नंतरचं.

आता इतिहास, थोडक्यात. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला. ब्रिटनच्या कुजू कंपनीने तो बनवला होता. त्यात सहा मार्ग होते: अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंडचा एक, ऑस्ट्रियाचा एक. भारत नव्हता. जगातलं एवढं मोठं रेल्वेचं जाळं, आणि खेळात त्याचा एक सिग्नलसुद्धा नाही. पण त्या खेळाची एक गोष्ट मोठी होती: मार्ग बनवायची हत्यारं सोबत दिली होती. त्यामुळे भारतातल्या पोरांनी स्वतःच इंजिनं बनवली. डब्ल्यूडीएम-२ आलं, पुढे डब्ल्यूएपी-४, डब्ल्यूएपी-७. डबे आले, स्टेशनं आली, घोषणेचे आवाज आले. कुणी पैसे घेतले नाहीत. इंजिनियरिंग कॉलेजच्या होस्टेलवर, सायबर कॅफेत, सीडीवर फिरत फिरत हे सगळं इकडे अमरावतीपर्यंत पोचलं.

आणि मूळ कंपनीने काय केलं? दुसरी आवृत्ती जाहीर केली, २००४ मध्ये सोडून दिली. परत जाहीर केली, २००९ मध्ये तो स्टुडिओच बंद केला. कंपनीच्या लेखी विषय संपला. खेळणाऱ्यांच्या लेखी संपला नाही, म्हणून त्यांनी ओपन रेल्स नावाचा नवा, फुकट, मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. जुन्या खेळाचे सगळे मार्ग, सगळी इंजिनं त्यात चालतात. २०१५ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. म्हणजे बघा, बनवणाऱ्याने टाकून दिलेली गोष्ट वापरणाऱ्यांनी उचलली आणि मूळच्यापेक्षा बरी केली. तिथला ब्रेक आज मूळ खेळापेक्षा कितीतरी खरा आहे.

दुसरीकडे कुजूच्याच कामातून पुढे वाढलेला, आता डवटेल गेम्सकडे असलेला ट्रेन सिम्युलेटर क्लासिक, आणि त्यांचाच नवा ट्रेन सिम वर्ल्ड. दिसायला देखणे. ट्रेन सिम वर्ल्डमध्ये तर इंजिनातून उतरून फलाटावर चालता येतं. पण धंद्याची रीत अशी की मूळ खेळ स्वस्त आणि प्रत्येक मार्गाचे पैसे वेगळे. क्लासिकचे सगळे मार्ग घ्यायचे म्हटले तर हजारो डॉलर होतात. तेही एकवेळ चालेल, कंपनीला पगार द्यायचे असतात. आमची खरी तक्रार वेगळी आहे. मार्ग बनवायचं हत्यार ट्रेन सिम वर्ल्डने कित्येक वर्षं लोकांना दिलंच नाही, २०२३ च्या आसपास दिलं. जिथे हत्यार नाही तिथे फक्त गिऱ्हाईक असतं. आणि गिऱ्हाईक म्हणून वऱ्हाडातल्या माणसाची किंमत किती, हे सांगायला नको. आमच्यासाठी कोण बनवणार आहे मूर्तिजापूरचं यार्ड?

मोबाइलवर मात्र आपण आहोत. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हचा इंडियन ट्रेन सिम्युलेटर गावागावात पोचला. शाळकरी पोरं शेवटच्या बाकावर बसून गाडी चालवतात. आमच्यातले काही जुने खेळाडू या खेळाला नाकं मुरडतात, ते आम्हाला पटत नाही. फोन आहे, संगणक नाही, अशा पोराला आपली इंजिनं, आपली स्टेशनं, आपल्या घोषणा ऐकू येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण फोनवरच्या खेळाला अंतर आणि वेळ लहान करावे लागतात. ऐंशी किलोमीटर ऐंशीच ठेवले तर कोण खेळेल? मग ती वाट पाहणं जातं. फोनवरून संगणकाकडे येणारी पायरी कुणी बांधली नाही, हा दोष त्या कंपनीचा नाही, आमचा आहे. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी आजीच्या प्रश्नाकडे जाऊ. बडनेऱ्याची गाडी रोज दिसते, खरं आहे. पण मंडळी, शकुंतला दिसते का?

भातकुलीच्या शेजारीच दर्यापूर. तिथून जाणारी मूर्तिजापूर–अचलपूरची छोटी गाडी, आणि मूर्तिजापूरहूनच दुसऱ्या बाजूला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी तिची बहीण. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीपर्यंत आणण्यासाठी हे रूळ टाकले. रुंदी अडीच फूट. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. आणि पुढे दोन्ही बाजूंची गाडी थांबली. रूळ आहेत, काही ठिकाणी गवताखाली. ब्रॉडगेज होणार, होणार असं आपण ऐकतो. झालं तर फार चांगलं, दर्यापूर-अंजनगावच्या लोकांना गाडी हवी आहे, संग्रहालय नकोय. पण ब्रॉडगेज झालं की जुनी गाडी कशी वळायची, कुठे हळू व्हायची, इंजिन कुठे पाणी घ्यायचं, हे पुसलं जाणार.

दुसरं उदाहरण अकोल्याचं. अकोला–खंडवा ही मीटरगेज लाइन मेळघाटातून सातपुडा चढायची. धूळघाटजवळ चढ इतका, की रूळ गोल फिरून स्वतःच्याच वरून जायचा. लोक त्याला चारचा आकडा म्हणायचे. २०१७ च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. वाघांच्या जंगलातून रुंद रूळ न्यायचे का यावर वाद झाला, आणि नवा मार्ग जंगलाबाहेरून न्यावा हे म्हणणं पुढे आलं. वाघांसाठी ते योग्यच. पण तसं झालं तर चारच्या आकड्यावरून पुन्हा प्रवासी गाडी जाणार नाही. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. फोटोत वळण दिसतं, पण त्या वळणावर इंजिन किती जोर लावायचं, मागचे डबे कधी ओढले जायचे, ब्रेक कुठे धरायचा, हे फोटोत येत नाही. ते सिम्युलेटरमध्ये येऊ शकतं. संग्रहालयातलं इंजिन उभं असतं, हे चालतं. आजी, कायले करून राहिलो त्याचं उत्तर हे आहे.

आता आमचे दोष. "येऊ शकतं" म्हणालो, "आलंय" म्हणालो नाही. जमीन बनवणं आता सोपं आहे. २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानाने केलेल्या मोजणीतून जगभरच्या उंचीचे आकडे फुकट मिळतात, सातपुडा एका संध्याकाळी उभा राहतो. रूळ अवघड. जुन्या खेळातले तयार रूळ युरोप-अमेरिकेच्या मापाचे, १४३५ मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज १६७६. भारताचे कित्येक मार्ग या अरुंद रुळांवरच बनवले गेले, २४ सेंटिमीटर खाऊन. वरून बघितलं तर कळत नाही, पण एकदा कळलं की डोळ्यांत खुपतं: रुंद डबा सुतळीवर चाललाय असं वाटतं. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर तर स्वतःच बनवावे लागतात. ज्यांनी हे कष्ट घेतले त्यांना आम्ही सलाम करतो. ज्यांनी नाही घेतले आणि "अगदी हुबेहूब" अशी पाटी लावली, त्यांना नाही.

पण सर्वांत मोठा दोष मापाचा नाही, स्वभावाचा आहे. आपल्याकडे इंजिन बनवणारा माणूस ते फुकट देतो आणि सोबत लिहितो: परवानगीशिवाय हात लावायचा नाही, दुसरीकडे चढवायचं नाही, रंग बदलायचा नाही. त्याची बाजू आम्हाला कळते. महिनोन्महिने राबून बनवलेलं इंजिन कुणीतरी उचलून स्वतःच्या नावावर खपवतं, कधी विकतंसुद्धा. राग येणारच. पण पुढे काय होतं? त्या माणसाला नोकरी लागते, लग्न होतं, संगणक बदलतो, पत्ता बदलतो. परवानगी द्यायला कुणी उरत नाही. फाइल एका सर्व्हरवर असते, तो एक दिवस बंद होतो. आमच्यापैकी एकाकडे मध्य रेल्वेच्या डब्यांचा एक सुंदर संच होता. हार्ड डिस्क गेली. बनवणाऱ्याला शोधलं, तो या जगातच राहिला नव्हता. त्याचं काम आज आमच्या माहितीत कुणाकडेही नाही. चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाने तिजोरीच पुरली.

म्हणून आम्ही सांगतो, आणि यावर आमच्यातच भांडणं झाली आहेत: नवं काही बनवाल तर मुक्त परवान्याखाली द्या. नाव तुमचं राहू द्या, विकायला मनाई ठेवा हवी तर, पण जपून ठेवायची आणि सुधारायची मुभा आधीच देऊन ठेवा. जो म्हणतो, "माझं आहे, माझ्यासोबत जाईल," त्याला आम्ही थांबवू शकत नाही. पण मग शकुंतला बंद केली म्हणून त्याने रेल्वेवर रागावू नये.

भविष्याचं विचारता? कंपन्यांचं सांगता येत नाही. हा बाजार लहान आहे आणि दोनदा बुडताना आम्ही पाहिलाय. जपानमध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने २०२२ मध्ये स्वतःच आपल्या मार्गांचं खरं चित्रण वापरून सिम्युलेटर विक्रीला काढला. चालकांना शिकवायचं साधन लोकांच्या हाती दिलं. आपल्या रेल्वेकडेही चालकांच्या प्रशिक्षणाचे सिम्युलेटर आहेत. ते लोकांना मिळावेत अशी आमची मागणीसुद्धा नाही. बंद झालेल्या लाइनींचे चढ-उताराचे तक्ते आणि स्टेशनांचे नकाशे तेवढे खुले झाले तरी खूप. त्यात गुपित काय राहिलंय? तिथून गाडीच जात नाही. मिळतील का? आम्हाला फारशी आशा नाही, तरी मागत राहणार.

तोवर आमचं काम गावठी पद्धतीने सुरू आहे. मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग ओपन रेल्समध्ये बनवतोय. सध्या दर्यापूरच्या अलीकडेच अडकलोय, कारण स्टेशनच्या मागे माल चढवायचा रूळ नेमका कुठून फुटायचा यावर दोन म्हाताऱ्या माणसांचं एकमत होत नाही. एक म्हणतो चिंचेच्या अलीकडून, दुसरा म्हणतो पलीकडून. चिंच आता नाही. तुमच्यापैकी कुणी त्या गाडीने शाळेत, बाजारात, सासरी गेलं असेल, कुणाच्या घरी अल्बममध्ये मागे रूळ दिसणारा एखादा लग्नाचा फोटो असेल, तर व्याख्यान संपल्यावर थांबा. आम्ही स्कॅनर सोबत आणलाय.