कैकेयीचे वकीलपत्र

यंदाच्या चैत्री नवरात्रात, येथे सुरतेस आमच्या मंडळींच्या देवळात, एका रात्री बुवांनी कैकेयीच्या दोन वरांचे आख्यान लावले होते. बुवा जसजसे रंगात येत गेले तसतशी कैकेयी अधिकाधिक काळी होत गेली, आणि सभामंडपातील बायाबापड्या बोटे मोडू लागल्या. आरतीनंतर प्रसाद घेऊन पायरीवर बसलो असता आम्ही सहज म्हणालो की, दुर्गाबाई खोटे यांनी ही कैकेयी एकदा पडद्यावर उभी केली होती. शेजारच्या आजींना ते मुळीच पटेना. ‘छे हो, वकीलसाहेब! दुर्गाबाई म्हणजे जोधाबाई. त्या कशाला कैकेयी होतील?’

घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य आमच्या मनातून जाईना. आजींची चूक ही त्यांच्या एकट्यांची नव्हे. दुर्गाबाई म्हटले की ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) पती आणि पुत्र यांच्यामध्ये होरपळणारी जोधाबाई आठवते, ‘बॉबी’तील (१९७३) गोव्याची प्रेमळ आजी आठवते, ‘बिदाई’तील (१९७४) आई आठवते. त्यांच्या लोभस वार्धक्यावर साऱ्या देशाने माया केली. परंतु ह्याच मायेने त्यांच्यावर एक अन्यायही केला आहे, असे आम्हांस वाटते. सोसणारी आई आम्ही जपून ठेवली. हाती सत्ता असलेली, चुकणारी आणि चुकीचे मोल चुकविणारी स्त्री मात्र विसरून गेलो. दुर्गाबाईंचे खरे सामर्थ्य त्या दुसऱ्या स्त्रीत होते.

ह्या अभिनेत्रीचा उगमच मुळी एका धाडसात आहे. त्या पूर्वाश्रमीच्या विठा लाड. जन्म १९०५ चा. घराणे मूळचे गोव्याचे, घरची बोली कोंकणी, आणि वाढल्या त्या मुंबईच्या कांदेवाडीतील एकत्र कुटुंबात. पदरी दोन मुलगे आणि संसाराची ओढाताण, अशा अवस्थेत १९३१ साली ‘फरेबी जाल’ ह्या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. कुलीन घरची सुशिक्षित सून पडद्यावर आली म्हणून त्या वेळी जी कुजबूज झाली, ती आमच्याच समाजात झाली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीचे काम एका पुरुषाला करावे लागले होते. तीच तारामती १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गाबाईंनी केली, आणि कुजबूज करणारेच तिकिटे काढून पाहू लागले. सोसणारी सती म्हणून त्यांना समाजाने आत घेतले, हे येथे लक्षात ठेवावे.

चार वर्षांनी त्यांनी ही चौकट मोडली. शांतारामबापूंच्या ‘अमरज्योती’तील (१९३६) सौदामिनी ही समुद्रावरची लुटारू आहे. राज्याचा कायदा तिला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती सूड घेण्यास निघते. न्यायमंत्री दुर्जय तिच्या हाती सापडतो आणि तिच्यापायी आपला एक पाय गमावतो. आम्ही वकिलीच्या पेशातील असल्यामुळे असेल, पण हे कथानक आम्हांस केवळ अद्भुतरम्य वाटत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा झाला तो १९५६ साली. त्याच्या ६ व्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून प्रथम बापाचा आणि ‘त्याच्यानंतर’ आईचा उल्लेख आला. ह्या ‘नंतर’चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच न घेता त्याच्या अभावी असाही घ्यावा, हे गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत १९९९ साल उजाडले! सौदामिनीची फिर्याद त्याच्या त्रेसष्ट वर्षे आधीची आहे.

चित्रपटात दोष नाहीत असे नव्हे. तरुण प्रेमिकांच्या उपकथेने मूळ प्रश्न मागे पडतो, आणि संवाद पुष्कळदा रंगभूमीवरचे वाटतात. परंतु चंद्रमोहनच्या भेदक डोळ्यांसमोर दुर्गाबाई तसूभर मागे सरत नाहीत. त्यांचा क्रोध आक्रस्ताळा नाही. आपला अधिकार कोणीतरी हिरावून घेतला आहे, हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाचा तो क्रोध आहे. तरीही सौदामिनी स्वतः क्रूर होते, हे त्या लपवीत नाहीत. प्रेक्षकांपाशी दयेचा अर्ज त्यांनी केलेला नाही.

हाच गुण ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये (१९४३) कळसास पोहोचला. मूळ कादंबरी आमच्या शेजारच्या भरूचचे कनैयालाल मुनशी यांची. मुनशीही वकीलच. गुजराती घरांतून ही कादंबरी आजही ओळखीची आहे, पण तिच्यावर सोहराब मोदींनी काढलेला चित्रपट येथेही थोड्यांनाच आठवतो. तैलपाची बहीण मृणालवती ही विरागी, करारी आणि राज्यावर वचक ठेवणारी विधवा. बंदिवान मुंजाचा मानभंग करण्यासाठी ती त्याच्यासमोर येते, आणि त्याच्या हसतमुख निर्भयतेपुढे तिचेच वैराग्य डळमळू लागते. मोदींचा आवाज धबधब्यासारखा. त्यांच्यासमोर अनेकजण वाहून जात. दुर्गाबाई आवाज चढवून त्यांच्याशी स्पर्धा करीत नाहीत. शब्द तोच कठोर ठेवून त्यामागील खात्री तेवढी कमी होत जाते, आणि मृणालवतीच्या आधी ते आपल्याला कळते. शेवटी मुंज हत्तीच्या पायाखाली जातो. शोकांतिका मात्र मागे उरलेल्या बाईची होते.

ह्या दोहोंच्या मधल्या काळात त्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मधील (१९४१) छळवादी सासू केली, आणि ‘भरतभेट’मधील (१९४२) कैकेयी केली. विजय भट्टांच्या ह्या चित्रपटाला त्यांच्याच पुढल्या वर्षीच्या ‘रामराज्य’ने झाकून टाकले, गांधीजींनी पाहिलेला चित्रपट म्हणून ‘रामराज्य’चे नाव राहिले. पण सासू आणि कैकेयी ह्या दोन्ही भूमिकांच्या हिंदी आवृत्त्यांसाठी बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी दुर्गाबाईंना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक दिले होते. कुणाही नटीला हातून सुटावे असे वाटेल अशा ह्या दोन भूमिका, आणि गौरव झाला तो त्यांचाच!

कैकेयीचा विचार करावा. तिचे वर खोटे नव्हते. युद्धात पतीचे प्राण वाचवून तिने ते मिळविले होते. कायद्याने तिची मागणी टिकते. धर्माने टिकत नाही. हे तिला पटवून देण्यासाठी कोणा न्यायाधीशाची गरज पडत नाही, खुद्द भरतच तिच्याकडे पाठ फिरवितो. ज्याच्यासाठी सारे केले त्यानेच आपल्याला नाकारावे, ह्याहून मोठी शिक्षा कोणती? बुवांच्या कीर्तनात त्या रात्री कैकेयी केवळ दुष्ट होती, म्हणून तिच्याकडून आम्ही काही शिकलो नाही. दुष्ट माणसे आपल्या घरात नसतात, अशी आपली समजूत असते. चुकणारी आई मात्र प्रत्येक घरात असते.

दुर्गाबाईंना १९६८ साली पद्मश्री मिळाली, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९१ साली त्या गेल्या. सन्मानांची उणीव राहिली नाही, राहिली ती पाहण्याची. ‘अमरज्योती’ आणि ‘पृथ्वीवल्लभ’ हे चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. आम्ही त्या आजींना एखाद्या रविवारी घरी बोलाविणार आहोत. जोधाबाईवरची त्यांची माया कमी होईल, अशी भीती आम्हांस नाही. पुढल्या चैत्रात बुवा कैकेयीवर आले, म्हणजे मोडण्यासाठी उचललेली त्यांची बोटे क्षणभर थांबली, तरी आमचे वकीलपत्र कारणी लागले असे आम्ही समजू.